घरच्या मैदानावरचे ब्लॉक आणि टेबलावर बसलेली माणसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2023 मध्ये एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या मेम्फिस ग्रिझलीजच्या जॅरन जॅक्सन ज्युनियरचे ब्लॉक (समोरच्याचा शॉट हाताने अडवणं) आणि स्टील (समोरच्याकडून चेंडू काढून घेणं) घरच्या मैदानावर फुगवून लिहिले जातात असा आरोप झाला. पुढच्याच वर्षी शिकागोच्या मायकल जॉर्डनच्या 1987-88 च्या आकड्यांवरही बोट ठेवलं गेलं. मग एनबीएचे अधिकृत आकडे खरे मानायचे की नाही, आणि जॉर्डनला त्या वर्षी मिळालेला सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार चुकीचा होता का?

उत्तर आधी देतो, कारणं मागून. गुण बिनधास्त खरे माना. फाउलही, एक मजेशीर अपवाद सोडून. रिबाउंडची, म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर ताब्यात घेतलेल्या चेंडूंची, संघाची बेरीज खरी असते, वाटणीत थोडं इकडेतिकडे होतं. स्टील आणि ब्लॉकमध्ये लिहिणाऱ्याचा हात दिसतो. असिस्ट, म्हणजे बास्केट घडवणारा पास, हा बराचसा मताचा मामला. जॅक्सनवरचा आरोप टिकला नाही. जॉर्डनबद्दलची शंका मात्र मला रास्त वाटते.

मी स्वतः आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये टेबलावर आकडेवारी लिहायला बसतो, त्यामुळे हे काम आतून कसं चालतं ते माहीत आहे. एनबीएचा पसारा कितीतरी मोठा, पण कामाची जात तीच.

क्रिकेटच्या सवयीमुळे आपल्या डोक्यात स्कोअरर म्हणजे पंचाची खूण पाहून वहीत लिहिणारा माणूस. चेंडू बॅटला लागला की पॅडला, हे तो ठरवत नाही. पंच पायाला हात लावून दाखवतो, स्कोअरर लेगबाय लिहितो आणि पोच देतो. बास्केटबॉलमध्ये रेफ्री दोन की तीन गुण ते दाखवतो, फाउल कोणाचा ते दाखवतो, आणि तिथे त्याचं काम संपतं. असिस्टची खूण नाही, ब्लॉकची नाही, स्टीलची नाही. ते सगळं टेबलावरची माणसं ठरवतात, तेही खेळ चालू असताना.

टेबलावर दोन वेगळी कामं चालतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक अधिकृत स्कोअरर. त्याच्याकडे गुण, फाउल, टाइमआउट. तो रेफ्रीच्या अखत्यारीत, आणि त्याच्या कागदावर सामन्याचा निकाल ठरतो. दुसरी आकडेवारीची टोळी. तिच्यात एकजण, म्हणजे कॉलर, खेळावरून नजर न हलवता खेळाडूंचे जर्सी क्रमांक घेत बोलत राहतो, ‘पाच मिस, बारा रिबाउंड, सात मेड, असिस्ट बारा’, आणि दुसरा ते ऐकून संगणकात भरतो. बोलणाऱ्याला विचार करायला वेळ किती? पुढचा पास पडेपर्यंत. एनबीएमध्ये या टोळीला प्रशिक्षण आणि नियमपुस्तिका लीगची, पण तिला नेमायचं ते यजमान संघाने. सगळ्या वादांचं मूळ या एका व्यवस्थेत आहे.

आता प्रत्येक आकड्याला किती कुलपं आहेत ते बघा, कारण बाहेरून सगळे आकडे सारखेच दिसतात. रिबाउंड मनाने वाढवता येत नाही. शॉट चुकला आणि चेंडू खेळात राहिला की एक रिबाउंड होणारच, खेळाडूच्या नावावर किंवा संघाच्या. एकूण संख्या चुकलेल्या शॉटनी बांधलेली असते. चारजणांच्या हातातून उडत गेलेला चेंडू शेवटी कोणाच्या ताब्यात आला, एवढाच वाद उरतो. स्टीलला निम्मं कुलूप आहे. समोरच्या संघाचा टर्नओव्हर, म्हणजे चेंडू गमावणं, असल्याशिवाय स्टील लिहिता येत नाही. पण झालेला टर्नओव्हर प्रतिस्पर्ध्याची नुसती चूक होती की बचाव करणाऱ्याने बोट लावून चेंडू उडवला होता, हे पाहणाऱ्यावर. शिवाय एकाने बोट लावलं आणि दुसऱ्याने चेंडू उचलला, तर स्टील पहिल्याचा. उचलणारा सगळ्यांना दिसतो, बोट लावणारा फार थोड्यांना. ब्लॉकचंही असंच. त्याच्यामागे चुकलेला शॉट असावाच लागतो, कारण हात लागूनही चेंडू बास्केटमध्ये गेला तर ब्लॉक नाही. पण नुसता चुकलेला शॉट आणि नख लागून चुकलेला शॉट यांच्यात टेबलावरून काय दिसतं ते विचारू नका. शिवाय शॉटची क्रिया सुरू झाली होती की नाही? सुरू झाली असेल तर ब्लॉक, नसेल तर स्टील.

असिस्टला जवळपास कुलूपच नाही. टाकलेल्या बास्केटपेक्षा असिस्ट जास्त असू शकत नाहीत, एवढीच वरची मर्यादा. एनबीएची व्याख्या सांगते की पास थेट बास्केटकडे नेणारा हवा आणि घेणाऱ्याने लगेच बास्केटचा रोख दाखवायला हवा. ‘लगेच’ म्हणजे किती? पास घेतला, एक ड्रिबल मारला आणि टाकला: असिस्ट. दोन ड्रिबल, मध्ये एक हुलकावणी? इथे दोन चांगले, प्रामाणिक कॉलर दोन वेगळी उत्तरं देतील. त्यात फिबाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेची, व्याख्या आणखी वेगळी. पासनंतर फाउल झाला आणि त्या खेळाडूने निदान एक फ्री थ्रो टाकला, तर फिबाच्या पुस्तिकेप्रमाणे पास देणाऱ्याला असिस्ट मिळतो, एनबीएत मिळत नाही. आपल्याकडची मुलं एनबीए बघून येतात आणि मध्यंतराला टेबलाशी येऊन वाद घालतात, त्यातले निम्मे वाद इथलेच असतात.

2017 मध्ये मॅथ्यू व्हॅन बॉमेल आणि ल्यूक बॉर्न या संशोधकांनी कोर्टवरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या हालचाली घेऊन हेच तपासलं. तसाच पास, तसाच शॉट, पण मैदान बदललं की असिस्ट मिळण्याची शक्यता बदलते आणि यजमान संघाकडे थोडा कल दिसतो, असं त्यांना आढळलं. मला यात आश्चर्य वाटलं नाही. त्याच गावातल्या, त्याच संघावर प्रेम करणाऱ्या माणसाला आपल्या पोराचा पास जास्त सुंदर दिसतो. बहुतेक वेळा यात लबाडी नसते.

बहुतेक वेळा, सगळ्या वेळा नाही. 2009 मध्ये व्हँकुव्हर ग्रिझलीजच्या एका माजी स्कोअरकीपरने उघडपणे सांगितलं की जानेवारी 1997 मध्ये त्याने लेकर्सच्या निक व्हॅन एक्सेलला मुद्दाम असिस्ट वाटले होते. आकडा निघाला 23. गंमत अशी की व्हॅन एक्सेल पाहुण्या संघाचा. स्कोअरकीपर लेकर्सचा चाहता होता. शॉट टाकणाऱ्याच्या जवळपास व्हॅन एक्सेल दिसला की असिस्ट. कोणी जाब विचारेल अशी त्याची अपेक्षा होती, कोणी विचारला नाही. ते 23 आजही अधिकृत नोंदीत आहेत. मला या कबुलीपेक्षा तिच्या काळाची गोष्ट महत्त्वाची वाटते. 1997 मध्ये दूर बसून तपासणारं असं कोणी नव्हतंच.

लीगने कधी डोळे उघडलेच नाहीत असंही नाही. 3 मार्च 1990 ला ह्यूस्टनच्या हकीम ओलाजुवॉनने गोल्डन स्टेटविरुद्ध 29 गुण, 18 रिबाउंड, 11 ब्लॉक आणि 9 असिस्ट अशी कामगिरी केली. एक असिस्ट मिळाला असता तर चार बाबतींत दोन आकडी संख्या, म्हणजे क्वाड्रुपल डबल. सामन्यानंतर ह्यूस्टनच्या लोकांनी टेप पुन्हा पाहिली आणि त्यांना बरोब्बर एक राहून गेलेला असिस्ट सापडला! लीगने टेप मागवली, पाहिली आणि तो असिस्ट रद्द केला. महिनाभराच्या आत, 29 मार्चला, ओलाजुवॉनने मिलवॉकीविरुद्ध 18 गुण, 16 रिबाउंड, 10 असिस्ट आणि 11 ब्लॉक करून दाखवले, आणि ते मान्य झाले. टेपवर राहून गेलेलं पाहायचं तर दोन्ही संघांचं पाहायला हवं, आणि जास्तीचं दिलेलंही शोधायला हवं. ह्यूस्टनने फक्त हवं तेवढं शोधलं होतं. असा शोध आपल्याकडेही चालतो. व्यवस्थापक मोबाइलवर क्लिप घेऊन येतात, ‘हा रिबाउंड आमच्या पोराचा.’ आमच्या पोराला चुकून जास्त दिलाय, अशी क्लिप घेऊन मात्र अजून कोणी आलेलं नाही.

खेळाडूच आकड्यामागे धावतो तेव्हा प्रश्न वेगळा होतो. मार्च 2003 मध्ये क्लीव्हलंडच्या रिकी डेव्हिसला ट्रिपल डबलसाठी, म्हणजे तीन बाबतींत दोन आकडी संख्येसाठी, एक रिबाउंड कमी पडत होता. यूटाविरुद्धचा सामना केव्हाच जिंकल्यात जमा होता. त्याने स्वतःच्याच बास्केटवर चेंडू मारला आणि उचलला. यूटाच्या डिशॉन स्टीव्हन्सनने चिडून त्याला तिथेच फाउल केला. तो रिबाउंड धरला गेला नाही, वर त्याच्याच संघाने त्याला 25 हजार डॉलर दंड केला. पुढच्या वर्षी अटलांटाच्या बॉब सुराने शेवटच्या क्षणी मुद्दाम चुकवलेला शॉट उचलून ट्रिपल डबल पुरी केली, लीगने ती मागे घेतली. मार्च 2023 मध्ये मिलवॉकीच्या यानिस अँटेटोकुंपोने वॉशिंग्टनविरुद्ध तेच केलं. रात्री त्याच्या नावावर 23 गुण, 10 रिबाउंड, 13 असिस्ट होते. दुसऱ्या दिवशी रिबाउंड 9 झाले. नियमाचा आधार असा की बास्केट करण्याच्या हेतूने टाकला तरच तो शॉट. शॉटच नाही तर चुकलेला शॉट नाही, आणि चुकलेला शॉट नाही तर रिबाउंड कुठला. हेतू ओळखणं अवघड असतं हे खरं, पण या तिघांच्या बाबतीत ते प्रेक्षकांनाही अवघड गेलं नसणार.

आता फाउलचा तो अपवाद. 19 डिसेंबर 2007, अटलांटा विरुद्ध मायामी. जादा वेळेत 51.9 सेकंद उरलेले असताना शकील ओनीलला सहावा फाउल झाला म्हणून बाहेर काढलं. प्रत्यक्षात त्याचे पाचच होते. दुसऱ्या खेळाडूचा फाउल टेबलावर त्याच्या नावावर चढला होता. मायामीने तक्रार केली आणि लीगने ती मान्य केली. असं 1982 नंतर पहिल्यांदाच झालं. यजमान अटलांटाला 50 हजार डॉलर दंड झाला आणि 8 मार्च 2008 ला ते 51.9 सेकंद पुन्हा खेळवले गेले. तोवर शकील फिनिक्सला गेला होता. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच नव्हता. त्या 51.9 सेकंदांत कोणी एक गुणही केला नाही, अटलांटा 114-111 ने जिंकलं ते जिंकलंच. टेबलावर बसणाऱ्या कोणालाही ही गोष्ट सांगा, तो हसतो आणि मग पुढच्या सामन्यात फाउलचा नंबर दोनदा विचारून घेतो.

जॅक्सनकडे येऊ. जानेवारी 2023 च्या अखेरीस इंटरनेटवर एका निनावी चाहत्याने मांडलं की जॅक्सनचे घरच्या मैदानावरचे ब्लॉक आणि स्टील बाहेरच्यापेक्षा फारच जास्त आहेत, म्हणजे मेम्फिसचा स्कोअरकीपर त्याला फुकट देतो आहे. जॅक्सन तेव्हा सर्वोत्तम बचावपटूच्या पुरस्काराच्या शर्यतीत पुढे होता. त्यात संघही ग्रिझलीज, व्हँकुव्हरहून मेम्फिसला गेलेला तोच. चर्चेला आणखी काय हवं!

लीगने उत्तर दिलं की मैदानावरच्या लोकांपासून स्वतंत्र असलेले तपासनीस सामना चालू असतानाच प्रत्येक नोंद पाहतात, गरज पडली तर तेव्हाच किंवा सामन्यानंतर बदलतात, आणि शंका घेतलेल्या सगळ्या नोंदी नियमपुस्तिकेला धरून आहेत. तुम्ही म्हणाल, लीग असंच म्हणणार. मान्य. पण 1997 आणि 2023 मध्ये एक मोठा फरक आहे. आता प्रत्येक ब्लॉकची क्लिप सगळ्यांसमोर असते. काही पत्रकार आणि विश्लेषकांनी जॅक्सनच्या क्लिप एकेक करून पाहिल्या. बहुतेक ब्लॉक स्वच्छ होते, काही सीमारेषेवरचे. सीमारेषेवरचे तर प्रत्येकाच्या यादीत असतात.

आरोपात मूळ खोट ही होती की फरकालाच पुरावा मानलं गेलं. दुखापतीमुळे जॅक्सन हंगामात उशिरा उतरला होता, त्यामुळे हिशेबाला सामने थोडे. थोड्या सामन्यांत असा फरक दिसणं नवल नाही, आणि घरच्या मैदानावर बहुतेक खेळाडू खरोखरच चांगले खेळतात. फरक दिसला की शंका घ्यावी, जरूर घ्यावी. पण निकाल द्यायच्या आधी दोन गोष्टी बघाव्यात. त्याच टेबलाने पाहुण्या संघाला किती ब्लॉक दिले? टेबल सढळ हाताचं असेल तर ते पाहुण्यांनाही देतं, आणि फक्त एकाच खेळाडूला देत असेल तर मामला वेगळा. दुसरी गोष्ट, समोरच्या संघाचे टर्नओव्हर आणि त्यांतले स्टील म्हणून लिहिलेले, यांचं प्रमाण घरी आणि बाहेर किती बदलतं? हे प्रमाण एकदम उसळलं तर मीही खुर्ची पुढे ओढून बसेन. एप्रिल 2023 मध्ये पुरस्कार जॅक्सनलाच मिळाला, ब्रुक लोपेझ दुसरा आला. मला त्यात काही वावगं दिसत नाही.

या वादात जीव का होता, तर पैशात. 2017 च्या करारापासून एनबीएत असा नियम आहे की ठरावीक वर्षं खेळलेल्या खेळाडूने सर्वोत्तम बचावपटूसारखा पुरस्कार मिळवला तर तो जास्त मोठ्या कराराला पात्र ठरू शकतो. म्हणजे टेबलावरचं एक ‘ब्लॉक’ आणि खेळाडूची कमाई यांच्यामध्ये धागा आहे. त्यात मे 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना क्रीडा सट्टा कायदेशीर करायची वाट मोकळी केली. आता लोक निकालावरच नाही, अमुक खेळाडू किती रिबाउंड घेईल यावरही पैसे लावतात. एप्रिल 2024 मध्ये टोरंटोच्या जॉन्टे पोर्टरवर आजन्म बंदी आली ती याच प्रकारच्या सट्ट्यामुळे. आकडे ठरावीक मर्यादेच्या खाली राहावेत म्हणून तो सामन्यातून लवकर बाहेर पडला होता. तिथे लिहिणाऱ्यांचा दोष नव्हता, आकडे अगदी खरे होते. पण यावरून कळतं की एका रिबाउंडची किंमत आज कुठे जाऊन पोचली आहे. लीगने तपासणी कडक ठेवली त्यामागे खेळावरची निष्ठा असेलही, पण मला हे कारण जास्त वजनदार वाटतं.

जॉर्डनचं प्रकरण याहून जड आहे. 1987-88 मध्ये त्याच्या नावावर 259 स्टील आणि 131 ब्लॉक, सामन्यामागे 35 गुण, सर्वोत्तम खेळाडूही तोच आणि सर्वोत्तम बचावपटूही तोच. 2024 मध्ये पत्रकार टॉम हॅबरस्ट्रो यांनी घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे करून दाखवले. शिकागोत सामन्यामागे चारच्या आसपास स्टील, बाहेर दोनच्या थोडे वर. इथे सामने थोडे होते ही सबब चालत नाही, जॉर्डन त्या वर्षी सगळेच्या सगळे 82 सामने खेळला होता. शिवाय घरच्या ज्या मोजक्या सामन्यांचा व्हिडिओ उपलब्ध आहे, तो पाहिल्यावर नोंदलेल्या स्टीलपैकी बरेच दिसतच नाहीत. फरक प्रचंड, काळ बिनतपासणीचा, आणि व्हिडिओही उलट साक्ष देणारा. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मी टेबलाची बाजू घेणार नाही.

मग पुरस्कार चुकीचा होता का? इथे मी थोडा थांबतो. त्या वर्षी दुसरा आला यूटाचा मार्क इटन, आणि ओलाजुवॉनही शर्यतीत होता. जॉर्डनचं घरच्या आकड्यांचं पान कापायचं तर इटनचंही यूटाचं आणि ओलाजुवॉनचं ह्यूस्टनचं पान त्याच कात्रीने कापायला हवं. ह्यूस्टनचं टेबल काय करू शकत होतं ते वर आलंच आहे. आणि अजून मागे गेलात तर कापायला पानच नाही. ब्लॉक आणि स्टील लीगने 1973-74 पासून मोजायला सुरुवात केली. बिल रसेल 1969 ला थांबला होता, विल्ट चेंबरलेनचा शेवटचा हंगाम 1972-73. बास्केटखाली उंच भिंतीसारख्या उभ्या राहिलेल्या या दोघांच्या नावावर अधिकृत ब्लॉक एकही नाही. म्हणून ‘सर्वकालीन ब्लॉक’ची यादी कोणी पुढे केली, तर ती 1973 नंतरची यादी आहे एवढं लक्षात ठेवा. ओलाजुवॉन 3,830 ब्लॉकसह तिच्यात पहिला आहे, ते त्याच अर्थाने.

तुलना करायचीच असेल तर मी एक साधी पद्धत वापरतो. तपासणी नसलेल्या काळातल्या खेळाडूचे फक्त बाहेरच्या मैदानांवरचे आकडे घ्यायचे. तिथे अनेक शहरांतली अनेक टेबलं लिहितात, एकाचा सढळपणा दुसऱ्याच्या कंजूषपणात बराचसा जिरतो, आणि आपल्या पोराचं कौतुक करणारं कोणी नसतं. या हिशेबाने जॉर्डनचे 1987-88 चे स्टील सामन्यामागे दोनच्या वरच राहतात. तेवढे कोणत्याही काळात उत्तम बचावपटूचे आकडे आहेत, फक्त विक्रमाच्या जवळ जाणारे नाहीत. त्या एका वर्षाच्या पुरस्कारासाठी मी स्वतः इटनला मत दिलं असतं. पण यूटाचं पान बघितल्याशिवाय ते मत मी पैजेवर लावणार नाही.